नारळ खवायचं यंत्र घ्यावं का? गणपतीच्या आधी ठरवायचंय

अबोली

नमस्कार मंडळी, ज्यांनी नारळ खवायचं यंत्र खरंच घरात वापरलंय त्यांनी सांगा प्लीज. व्हिडिओ सगळे बघून झाले, त्यात प्रत्येकाचा नारळ एका मिनिटात खवून होतो आणि ओट्यावर एक कण सांडत नाही, त्यामुळे त्यावरून काहीच कळत नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला डोंबिवलीत. घरात दिवसाआड एक नारळ लागतोच, भाजीवर, पोह्यांवर, आमटीच्या वाटणात, रविवारी कालवणाला. आईने सगळं आयुष्य विळीवर खवलं. डिसेंबरात तिचा उजवा गुडघा बदलला आणि खाली मांडी घालून बसायचं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तेव्हापासून मी रविवारी तीन नारळ खवून डब्यात भरून फ्रीझरला टाकते. चालतं तसं, पण आईला ते मनापासून आवडत नाही, ती बोलत नाही एवढंच. परवा ऑफिसमधून लवकर आले तर बघते, ही बाई एका स्टुलावर बसलेली आणि विळी दुसऱ्या स्टुलावर, एका पायाने विळीचा पाट दाबून धरलाय आणि खवतेय. पाट हलत होता आणि पातं तिच्याकडे होतं. माझ्या पोटात गोळाच आला.

तर आता काहीतरी घ्यायचंच आहे. खाली रबराची वाटी असते आणि खटका दाबला की ओट्याला चिकटतं, मग हँडल फिरवायचं, ते सातशेच्या आसपास मिळतंय. विजेवरचं पाच हजारापर्यंत जातंय. आणि जाऊबाई म्हणतात काही घेऊ नकोस, तुकडे करून मिक्सरला फिरव, सगळं सारखंच. आईचं म्हणणं मिक्सरचा तो चव (खवलेलं खोबरं) नव्हेच. गणपतीत एक्कावन्न मोदक असतात, म्हणजे पाच नारळ तरी झाले. माळ्यावर जाऊन बसेल असं काही मला नकोय, आधीच तिथे जागा नाही. विकत घेण्याआधी पारखायचं कसं तेही सांगा.

सुरंगी

अबोली, आधी ती स्टुलावरची विळी उचलून ठेव बाई, आजच. बाकीचं नंतर.

माझ्याकडे हँडलवालं खोवणी यंत्र सहा वर्षं आहे. मी मालवणची, आता पणजीला असते, आमच्याकडे रोज नारळ फुटतो, कधी दोन, त्यामुळे अनुभव म्हणशील तर भरपूर आहे. यंत्र चांगलं आहे पण सगळा खेळ खालच्या रबराच्या वाटीचा. गुळगुळीत पृष्ठभागावर ती अशी बसते की अख्खा हात लावून ओढलं तरी निघत नाही, पण जरा खडबडीत असेल किंवा दोन लाद्यांच्या मधली फट वाटीखाली आली तर हवा आत जाते आणि ऐन खोवताना सुटतं. माझ्या सासरी जुना कडप्प्याचा ओटा, बिनपॉलिशचा, तिथे एकदाही टिकलं नाही, दर दोन मिनिटांनी निघायचं आणि सासूबाई म्हणायच्या पैसे फुकट गेले. तेच यंत्र मी माझ्या घरी ग्रॅनाइटवर लावलं तर दगडासारखं बसलं. म्हणजे यंत्र तेच, ओटा वेगळा. दुकानात काचेवर लावून दाखवतात, काचेला काय, कुठलंही चिकटतं.

लावायच्या आधी जागा पुसून घ्यायची, तेलकट अजिबात नको, आणि रबराच्या कडेला ओलं बोट फिरवायचं. रबर कडक झालं की संपलं, म्हणून वाटी सुटी मिळते का ते आधी विचार. माझी चौथ्या वर्षी बदलली.

आणि एक, हे उभं राहून करायचं असेल तर उंची बघ. ओट्यावर यंत्र ठेवलं की हँडल छातीच्या जवळपास येतं, आईंची उंची कमी असेल तर खांदे भरून येतील.

यंत्रवेडा

मी असल्या गोष्टी मोजून बघतो, घरचे वैतागतात पण यावेळी बायकोच म्हणाली की तूच ठरव, कारण आमच्याकडे हाच प्रश्न होता. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, दिसायला सारख्या आकाराचे चार नारळ आणले. एक विळीवर, एक हँडलच्या यंत्रावर, एक शेजाऱ्यांच्या विजेच्या यंत्रावर, एक मिक्सरला. नारळ फोडून पाणी काढल्यानंतरपासून घड्याळ लावलं आणि ओटा पुसून, भांडं घासून ठेवेपर्यंत चालू ठेवलं. हे धुणं-पुसणं मोजणं फार महत्त्वाचं आहे, कारण व्हिडिओत ते कधीच नसतं.

विळीवर बायकोला सात मिनिटं लागली, त्यात विळी धुणं अर्धा मिनिट. हँडलवर साडेसात, खवणं फक्त चार, पण पात्यांच्या मधे अडकलेलं खोबरं ब्रशने काढणं आणि आजूबाजूला उडालेलं पुसणं यात बाकीचा वेळ. विजेवर खवणं सव्वा मिनिटात आटपलं, पण ते कपाटातून काढणं, जोडणं, पुसणं, परत ठेवणं धरून नऊ मिनिटं. मिक्सरला सगळ्यात जास्त, चौदा, कारण नारळाच्या वाटीतून खोबरं सोडवायला आणि काळी पाठ सोलायला वेळ जातो, फिरवायला फक्त काही सेकंद.

म्हणजे एका नारळाला विळीच पुढे. मग आम्ही पुढच्या आठवड्यात पाच-पाच नारळांचं केलं तेव्हा चित्र उलटं झालं, विजेचं यंत्र एकदा मांडलं की पाचही नारळ पंधरा मिनिटांच्या आत, कारण धुणं एकदाच. म्हणून मी म्हणेन वेळ हा मुद्दाच दुय्यम आहे, रोज किती नारळ एकावेळी लागतात ते आधी बघा.

आता चवाबद्दल. तुमच्या आई बरोबर आहेत, जाऊबाईपण बरोबर आहेत, दोघी वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलतायत. खवणीचे दाते खोबऱ्याचे पातळ, मऊ, जरासे वळलेले तुकडे खरवडून काढतात. मिक्सरचं पातं खोबरं तोडतं, त्याची रवाळ कणी होते, आणि जास्त फिरवलं की पातं तापतं आणि तेल सुटायला लागतं. खोबरेल साधारण २४ अंशाला पातळ होतं त्यामुळे मिक्सरच्या उबेत ते लगेच सुटतं आणि भांड्याच्या कडेला चिकट थर बसतो. मी दोन्ही चव बोटात धरून चोळून बघितले, खवणीचा चोळला की दूध येतं आणि बोटांना ओलावा लागतो, मिक्सरचा दाणेदार लागतो. एकाच प्रमाणात गूळ घालून दोन छोट्या कढयांत सारण केलं (दोन वाट्या चवाला एक वाटी गूळ), तर मिक्सरच्या सारणात गूळ एकीकडे पाझरला आणि कणी दाताखाली कचकचत राहिली. मोदकात ते चालणार नाही.

पण वाटणाला काय फरक पडतो? काहीच नाही. शेवटी वाटायचंच आहे. सोलकढीला तर खवणं म्हणजे वाया घालवलेली मेहनत, तुकडे आणि कोमट पाणी थेट मिक्सरला, पिळून घ्या, त्याच चोथ्यात परत कोमट पाणी घालून दुसरं दूध काढा. पाणी कोमटच हवं, गार पाण्यात तेल घट्ट राहतं आणि दूध पातळ येतं. तेव्हा आठवड्यातले किती नारळ वाटणाला जातात आणि किती वरून भुरभुरवायला ते मोजा, माझा अंदाज तुमचं निम्मं काम खवणीशिवाय होईल.

अबोली

@यंत्रवेडा हे असं कुणी मोजलं असेल असं वाटलंच नव्हतं, खूप खूप आभार. खरंच आठवून बघितलं तर आमच्याकडे वाटणाला जास्त जातो. वाटीतून खोबरं सोडवायला काही सोपं आहे का? सुरी वापरायची मला भीती वाटते, आई तर अजिबात नको.

माडबन

वाटी रात्रभर फ्रीझरला ठेवा. सकाळी बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि करवंटीला बाहेरून चारी बाजूंनी बत्त्याने हलकं ठोका, खोबरं आपोआप सुटतं, बहुतेक वेळा अख्खी वाटीच हातात येते. सुरी लागलीच तर कडेला एकदा टेकवायची एवढंच. काळी पाठ बटाट्याच्या साल काढणीने निघते, आणि वाटणाला काळी पाठ राहिली तरी बिघडत नाही, फक्त सोलकढीला काढा नाहीतर रंग मळकट येतो.

मी वेंगुर्ल्याकडचा, आमची माडाची बाग आहे, त्यामुळे यंत्रापेक्षा नारळाबद्दल सांगतो, कारण यंत्र वाईट म्हणणाऱ्या लोकांत मला अर्धे असे दिसतात ज्यांचा नारळच वाकडा फुटलेला असतो. हँडलच्या यंत्राचं डोकं गोल घुमटासारखं असतं. त्याच्यावर वाटी अशी टोपीसारखी बसायला हवी. नारळ तिरका फुटला, एक वाटी खोल आणि एक उथळ झाली, तर घुमट तळाला पोचतच नाही आणि मग लोक जोर करतात, वाटी सटकते, बोटं सोलतात. नारळ हातात आडवा धरायचा, शेंडी एका बाजूला, आणि बरोबर मधल्या रेषेवर कोयत्याच्या पाठीने ठोकत ठोकत नारळ फिरवायचा. एका घावात फोडायची घाई करायची नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला आवाज बदलतो, टण्ण असतो तो बद्द होतो, की समजायचं चीर गेली. मग दोन सारख्या वाट्या पडतात.

जातीचाही फरक पडतो. आमच्याकडे बाणवलीचं फळ मोठं आणि जरा लांबट येतं, प्रताप (ही जात रत्नागिरीच्या भाट्याच्या केंद्रातली) गोल आणि मध्यम. यंत्राला गोल नारळ फार सोपा. बाजारात जात विचारून कुणी देत नाही पण गोल बघून घेता येतो. आणि कोवळा नको, कोवळ्याचं खोबरं खवताना लगदा होतो. कानाशी हलवा, पाणी मोकळं वाजायला हवं. अजिबात वाजला नाही तर एकतर कोवळा नाहीतर चीर जाऊन पाणी निघून गेलेला.

रबरवाल्याऐवजी स्क्रूने टेबलाच्या कडेला आवळायचं यंत्रही येतं, लोखंडी, जड. माझ्या आत्याकडे तेच आहे, ओटा कसाही असो, कडा पुढे आलेली असली की झालं. मागे हलत नाही आणि रबराची कटकट नाही. फक्त ते गंजतं, धुऊन लगेच पुसून ठेवावं लागतं.

दूरदेशी

आम्ही न्यू जर्सीत. इथे आख्खा नारळ घ्यायचा म्हणजे नशीब, तीनातला एक आतून पिवळा पडलेला किंवा वास येणारा निघतो. त्यामुळे मी बावीस वर्षं फ्रोजन खवलेल्या नारळाची पाकिटं वापरतेय, इंडियन स्टोअरमध्ये मिळतात. यंत्र घेतलं होतं, हौसेने, भारतातून बॅगेत घालून आणलं, वर्षात दोनदा वापरलं आणि मैत्रिणीला दिलं. नारळच नाही तर यंत्र काय करणार.

हे सांगायचं कारण, फ्रीझरच्या चवाबद्दल तुझ्या आईच्या मनात जे आहे ते थोडं कमी करता येतं. एकाच मोठ्या डब्यात भरू नकोस. एका वेळेला लागेल तेवढाच, वाटीभर, पिशवीत पातळ थापून हवा काढून ठेव. मोठा डबा सारखा बाहेर-आत केला की वरचा थर कोरडा पडतो आणि त्याचीच चव बिघडते. वापरायच्या आधी पिशवी कोमट पाण्यात बुडव, मऊ येतो. मोदकाला मी हाच वापरते, सारण परतताना दोन चमचे दूध घालते, पाहुण्यांना कळत नाही.

पाटावरवंटा

विजेच्या यंत्राच्या धोक्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे वेट ग्राइंडरला लावायचा खवणीचा जोड आहे, इडलीच्या पिठाच्या ग्राइंडरबरोबर आला. खवतो उत्तम. पण आईंसाठी मी सुचवणार नाही आणि कारण सांगतो. हँडलच्या यंत्रात फिरणं तुमच्या हातात असतं, हात थांबला की पातं थांबतं. विजेच्यात पातं फिरतच राहतं आणि वाटी दोन्ही हातांनी त्याच्यावर दाबून धरायची असते. खोबरं संपत येतं तशी करवंटी दात्यांना लागते आणि एकदम झटका देते. माझ्या हातून एकदा वाटी उडून भिंतीवर गेली, बोटाला दोन टाके पडले. बटण बंद करायला एक हात सोडावा लागतो, हेही लक्षात घ्या. सत्तरीच्या माणसाच्या हाताची पकड कशी आहे ते आधी बघा. हॉटेलवाल्यांना ठीक, दिवसाआड एका नारळाला कशाला.

दुसरं म्हणजे डावा हात. हँडल उजव्या हाताने फिरवतात म्हणून लोकांना वाटतं काम उजव्या हाताचं. वाटी दाबून धरायचं काम डाव्या तळहाताचं असतं आणि तोच दुखतो. गुडघ्याचा प्रश्न सुटेल पण अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर नवीन दुखणं मागे लागेल. म्हणून उसनं आणून आईंनाच खवू द्या, तुम्ही खवून बघून उपयोग नाही.

सुरंगी

+१ शेवटच्या वाक्याला. आणि एकच नारळ नको, लागोपाठ दोन-तीन.

अबोली

सगळ्यांना परत नमस्कार, अकरा दिवसांनी लिहितेय कारण तुम्ही म्हणालात तसं करून बघत होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे रबराच्या वाटीचं यंत्र होतं, ते आठ दिवसांसाठी मागून आणलं. पहिल्या दिवशी ओट्यावर लावलं, आमचा ओटा जुना कडप्प्याचा, सुरंगीने लिहिलंय तस्संच झालं, दोनदा सुटलं, दुसऱ्यांदा वाटीसकट खाली पडलं आणि आई म्हणाली राहू दे गं, मी विळीच आणते. मग मी तिला जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर बसवलं. आमच्या टेबलाला वर जाड काच आहे. पुसली, रबराला ओलं बोट फिरवलं, खटका दाबला, आणि ते हललंच नाही. खाली मोठी परात ठेवली. बसून केल्यामुळे हँडलची उंचीपण बरोबर आली, पाय सरळ जमिनीवर, गुडघ्यावर काही भार नाही.

फोडायचं काम मी केलं, मधल्या रेषेवर फिरवत फिरवत, पहिले दोन नारळ तिरकेच फुटले, तिसऱ्यापासून आवाज बदललेला कळायला लागला.

पहिली वाटी आईने फार हळू केली. मी काही न बोलता बघत होते. ती हँडल अर्धं फिरवायची, थांबायची, वाटी काढून आत बघायची, बोटाने काळं लागलंय का चाचपायची, आणि परत लावायची. विळीवर तिला हे नजरेने कळतं, इथे वाटी पालथी असल्यामुळे दिसत नाही आणि पहिल्या वाटीत चवात काळे कण आलेच. दुसऱ्या वाटीला तिने तिचंच काढलं, हाताला खरखर जास्त लागायला लागली की थांबायचं. त्यानंतर एक काळा कण नाही. करवंटीत पाव बोट खोबरं राहतं ते चमच्याने खरवडून वाटणाला टाकते. चव हातात घेऊन म्हणाली, मऊ आहे गं.

तीन नारळ लागोपाठ करून बघितले शनिवारी. दोन अगदी आरामात झाले. तिसऱ्याच्या अर्ध्यात तिने डावा हात झटकला, मी विचारलं तर काही नाही म्हणाली, पण संध्याकाळी ती अंगठ्याच्या खाली तेल चोळत होती. पाटावरवंटा, तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं, मी थकली असेल म्हणून सोडून दिलं असतं. तेव्हा आता नियम असा ठरलाय की एका दिवशी आईचे नारळ दोनच.

बाकी आठवडाभर वहीत लिहून ठेवलं कुठला नारळ कशाला गेला. चार नारळांतले अडीच वाटणाला आणि सोलकढीला. ते आता मी फ्रीझर आणि बत्त्याने सोडवून मिक्सरला लावते, आईला चवीत फरक कळला नाही, मुद्दाम न सांगता वाढलं होतं. नंतर सांगितलं. उरलेला दीड नारळ आई यंत्रावर खवते, ताजा, पोह्यांच्या आधी, आणि त्यासाठी ती सकाळी माझी वाट बघत नाही ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

यंत्र घेतलंय, हँडलचंच, काकूंच्याच दुकानदाराकडून, रबराची जास्तीची वाटी मागून घेतली. टेबलाशेजारच्या खणात ठेवलंय, माळ्यावर नाही. विजेचं नको. मोदकांचे पाच नारळ दोन दिवसांत करायचं ठरलंय, दोन आई दोन दिवस आधी, दोन आदल्या दिवशी, एक मी, आणि सारण आदल्या रात्रीच परतून ठेवणार, दूरदेशीच्या दोन चमचे दुधासकट. विळी कापायला लागतेच, ती आता फक्त मी वापरते.

माडबन, गणपतीचे नारळ किती दिवस आधी आणून ठेवले तर चालतील? आयत्या वेळी इथे भाव फार चढतात.

माडबन

आठ-दहा दिवस आधी आणा, काही होत नाही, फक्त शेंडी ठेवलेले घ्या. शेंडीखाली डोळे झाकलेले राहतात, ती काढली की तिथूनच नारळ खराब व्हायला सुरुवात होते. फोडायच्या दिवशीच शेंडी काढा. जमिनीवर, वारा लागेल अशा जागी, एकावर एक न रचता ठेवा. आणि पाच लागणार असतील तर सहा आणा, एखादा नासका निघतोच.